मनगटावरचा विश्वास : हान्स विल्सडॉर्फ

आपल्या वार्षिकांकात चरित्रे येतात ती बहुधा संतांची, समाजसुधारकांची आणि स्वातंत्र्यसैनिकांची. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या भूमीत वाढलेल्या आम्हा विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. या वर्षी मी मात्र एका परदेशी व्यापाऱ्याचे चरित्र लिहावयास घेतले आहे, म्हणून प्रथम थोडा खुलासा करतो. गेल्या वर्षी मला एक घड्याळ घ्यावयाचे होते. परीक्षेच्या दालनात मोबाइल नेता येत नाही आणि भिंतीवरचे घड्याळ प्रत्येक दालनात चालू असतेच असे नाही. पण मला पाचशे रुपयांचे नवे घड्याळ नको होते. कुणीतरी वापरलेले का असेना, पण मूळचे भारी, किल्लीचे, स्विस घड्याळ हवे होते. पैसे मोजके होते आणि फसण्याची भीती मोठी होती. जुनी घड्याळे कशी ओळखावी हे वाचता वाचता मी हान्स विल्सडॉर्फ या माणसापाशी येऊन पोहोचलो आणि मग घड्याळापेक्षा त्याच्या आयुष्यातच जास्त रमलो.

रोलेक्स हे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. सिनेमातला श्रीमंत माणूस हात पुढे करतो तेव्हा त्याच्या मनगटावर ते दिसते. मुरुडच्या बाजारपेठेत उभे राहून रोलेक्सविषयी बोलणे म्हणजे बैलगाडीत बसून विमानाच्या गप्पा मारण्यासारखे आहे, हे मला कळते. परंतु ते घड्याळ काढणारा माणूस श्रीमंतीत वाढलेला नव्हता, आणि घड्याळजीही नव्हता. त्याच्याजवळ भांडवल होते ते भाषांचे. कला शाखा घेऊन पुढे काय करणार, हा प्रश्न ज्यांना गावात रोज विचारला जातो, त्यांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

हान्स विल्सडॉर्फ यांचा जन्म २२ मार्च १८८१ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात कुल्मबाख या गावी झाला. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. हान्स बारा वर्षांचे होईपर्यंत आई आणि वडील दोघेही वारले. मामा-काकांनी दुकान विकून टाकले आणि मुलांना शिक्षणासाठी बाहेर ठेवले. हान्स कोबुर्ग येथील वसतिगृहाच्या शाळेत दाखल झाले. चालते दुकान विकले गेले याचे त्या वयात वाईट वाटणे स्वाभाविक होते. पण मोठेपणी त्यांनी असा निष्कर्ष काढला, की लहानपणीच स्वतःच्या पायावर उभे राहावे लागल्यामुळे हाती आलेली वस्तू सांभाळण्याची सवय लागली. शाळेत गणित आणि भाषा हे त्यांचे आवडते विषय होते.

शिक्षण संपल्यावर ते स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा येथे मोत्यांच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला राहिले. जगभरातून मोती विकत घ्यायचे, त्यांची प्रतवारी करायची आणि दागिने घडविणाऱ्यांना विकायचे, असा तो व्यवसाय होता. स्वतः काही न घडवणारा माणूसही नीट पारख आणि नीट प्रतवारी करून नाव मिळवू शकतो, हे त्यांनी तेथे पाहिले. १९०० साली ते ला शो-द-फों या गावी आले. स्विस घड्याळांच्या धंद्याचे हे माहेरघर. तेथे कुनो कोर्टेन या निर्यातदार पेढीत त्यांना नोकरी लागली ती इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळण्यासाठी, महिना ८० फ्रँक पगारावर. पत्रे लिहिण्याबरोबर आणखी एक काम गळ्यात पडले होते. पेढीत ठेवलेल्या शेकडो खिशातील घड्याळांना रोज चावी द्यायची आणि ती बरोबर वेळ दाखवितात की नाही हे तपासायचे. काम कंटाळवाणे होते. परंतु रोज शेकडो घड्याळांच्या कानाशी लागलेल्या या तरुण कारकुनाला कोणते घड्याळ इमानी आणि कोणते लबाड, हे याच कामातून समजू लागले.

१९०३ मध्ये ते लंडनला गेले आणि १९०५ मध्ये, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, आल्फ्रेड डेव्हिस यांच्या भागीदारीत त्यांनी हॅटन गार्डन या भागात स्वतःची पेढी काढली. स्वित्झर्लंडमधील बील या गावच्या एग्लर यांच्या कारखान्यातून मशीन मागवायचे, ते इंग्लंडमध्ये तयार झालेल्या चांगल्या केसमध्ये बसवायचे आणि सराफांना विकायचे, असा हा व्यवहार होता. डायलवर नाव असे ते सराफाचे. विल्सडॉर्फ आणि डेव्हिस यांची आद्याक्षरे फक्त झाकणाच्या आतल्या बाजूस उमटविलेली असत. झाकण उघडल्याशिवाय त्यांचे नाव कुणाला दिसत नसे.

त्या काळी मनगटी घड्याळाला मान नव्हता. ते बायकांच्या बांगडीसारखे लेणे समजले जाई. पुरुषाने साखळी लावलेले घड्याळ खिशात ठेवावे, अशी रीत होती. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९-१९०२) सैनिकांनी सोयीसाठी खिशातील घड्याळे कातडी पट्ट्यात बसवून मनगटाला बांधली होती, तेवढाच काय तो अपवाद. जाणकारांचे आक्षेप तीन होते. एवढ्याशा जागेत बसणारे नाजूक मशीन हाताच्या हिसक्यांनी टिकणार नाही, धूळ आणि दमट हवा आत शिरून ते बिघडेल, आणि इतके लहान यंत्र अचूक वेळ दाखवूच शकणार नाही. विल्सडॉर्फ यांनी या आक्षेपांना बोलून उत्तर दिले नाही. त्यांनी एग्लरकडे लहान मशीनची मोठी मागणी नोंदविली आणि पुढची तीस वर्षे एकेक आक्षेप खोडून काढण्यात घालविली.

प्रथम प्रश्न नावाचा होता. कोणत्याही युरोपीय भाषेत सहज उच्चारता यावे, लक्षात राहावे आणि डायलवर मावावे इतके छोटे नाव त्यांना हवे होते. अक्षरांची पुष्कळ जुळवाजुळव केल्यावर रोलेक्स हे नाव सुचले आणि १९०८ मध्ये त्यांनी ते नोंदविले. पण सराफांना डायलवर आपलेच नाव हवे होते, हे परके नाव नको होते. तेव्हा विल्सडॉर्फ यांनी घाई केली नाही. सहा घड्याळांच्या पेटीत एका घड्याळावर ते रोलेक्स नाव घालू लागले. काही वर्षांनी दोनांवर, मग तिनांवर. सहाच्या सहा घड्याळांवर नाव यायला जवळजवळ वीस वर्षे गेली.

दुसरा प्रश्न अचूकतेचा. आमचे घड्याळ अचूक आहे असे प्रत्येकच दुकानदार म्हणतो. त्याला किंमत किती? विल्सडॉर्फ यांनी ठरविले, की आपल्या मालाची परीक्षा आपण घ्यायची नाही, तिऱ्हाइताने घ्यावी. १९१० मध्ये बील येथील अधिकृत तपासणी केंद्राकडून त्यांच्या मनगटी घड्याळाला क्रोनोमीटर म्हणून प्रमाणपत्र मिळाले. असे प्रमाणपत्र मिळालेले ते पहिले मनगटी घड्याळ होय. मग त्यांनी सर्वांत कठीण परीक्षेला हात घातला. इंग्लंडमधील क्यू वेधशाळेचे अ श्रेणीचे प्रमाणपत्र तोवर जहाजांवरील आणि खिशातील मोठ्या घड्याळांना मिळत असे. ही परीक्षा ४५ दिवसांची होती. घड्याळ पाच वेगवेगळ्या स्थितींत ठेवले जाई, तसेच थंड, साधारण आणि उष्ण अशा तीन तापमानांत तपासले जाई. १५ जुलै १९१४ रोजी विल्सडॉर्फ यांच्या मनगटी घड्याळाने ही परीक्षा पार केली. लहान म्हणून ज्याला कुणी वर्गात घेत नव्हते, त्याने मोठ्यांचीच प्रश्नपत्रिका सोडविली होती.

दोन आठवड्यांत पहिले महायुद्ध सुरू झाले. खंदकात लढणाऱ्या सैनिकाला खिशातून घड्याळ काढायला सवड कोठून असणार! ज्याला बायकी म्हणून हिणविले, तेच मनगटी घड्याळ युद्धातून परतलेल्या पुरुषांच्या हाताला कायमचे चिकटले. विल्सडॉर्फ यांना मात्र युद्धाची झळ बसली. इंग्लंडमध्ये जर्मन आडनावाविषयी द्वेष पसरला होता. १९१५ मध्ये पेढीचे नाव बदलून रोलेक्स वॉच कंपनी करण्यात आले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने आयात घड्याळांवर ३३ टक्क्यांहून अधिक जकात बसविली. जमविलेला संसार उचलून त्यांना पुन्हा स्वित्झर्लंडला जावे लागले आणि १९२० मध्ये जिनिव्हा येथे कंपनीची नोंदणी झाली. जेथे ते मोत्यांच्या पेढीत उमेदवार होते, त्याच शहरात आता ते मालक म्हणून आले.

राहिला धुळीचा आणि पाण्याचा आक्षेप. घड्याळात पाणी शिरते ते मुख्यतः चावीच्या भोकातून. स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसणारी चावी दोन स्विस कारागिरांनी शोधली होती. विल्सडॉर्फ यांनी तिचे हक्क विकत घेतले, मागचे झाकणही तसेच आट्यांचे केले आणि १९२६ मध्ये ऑयस्टर, म्हणजे शिंपला, या नावाचे जलाभेद्य घड्याळ बाजारात आणले. लोकांचा विश्वास बसेना. १९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ या लंडनच्या टंकलेखिका तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. असे करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होती. परंतु दुसऱ्या एका बाईच्या खोट्या दाव्यामुळे तिच्याविषयीही शंका घेतल्या गेल्या आणि ती २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी विल्सडॉर्फ यांनी दिलेले ऑयस्टर तिच्या गळ्यात होते. पाणी बर्फासारखे गार. दहा तासांहून अधिक वेळ झुंज दिल्यावर तिला बाहेर काढावे लागले. खाडी पार झाली नाही, पण घड्याळ चालू होते. २४ नोव्हेंबरला डेली मेल या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात झळकली. दुकानांच्या खिडक्यांत पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यांत माशांसोबत चालती घड्याळे ठेवण्याची कल्पनाही त्यांचीच.

१९३१ मध्ये हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे, पूर्ण वर्तुळात फिरणारा रोटर असलेले घड्याळ त्यांच्या कंपनीने काढले. आपोआप चावी बसणारे मनगटी घड्याळ त्यापूर्वीच जॉन हार्वुड या इंग्रज कारागिराने तयार केले होते. पुढे रोलेक्सच्या जाहिरातींतून हा मूळ शोध रोलेक्सचाच असा समज होऊ लागला. तेव्हा १९५६ मध्ये कंपनीने हार्वुडला त्याचे श्रेय जाहीरपणे दिले. नाव कमावण्यात आयुष्य घालविलेल्या पेढीला दुसऱ्याचे नाव छापावे लागले, हेही या चरित्रात नोंदविले पाहिजे.

आपल्यासारख्यांना जवळचा वाटावा असा एक विचार त्यांच्या मनात बरीच वर्षे होता. रोलेक्स घेणे ज्यांच्या आवाक्यात नाही, त्यांनाही भरवशाचे घड्याळ मिळावे. टुडर हे नाव १९२६ मध्येच नोंदवून ठेवले होते; १९४६ मध्ये त्याची स्वतंत्र कंपनी झाली. केस आणि चावी रोलेक्सच्या दर्जाची, मशीन बाहेरच्या कारखान्याचे, आणि किंमत कमी, अशी ती मांडणी होती. किंमत कमी करताना नेमके कोठे काटायचे आणि कोठे हात लावायचा नाही, हे त्यांनी ठरविले होते.

मला सर्वांत भावला तो दुसऱ्या महायुद्धातील प्रसंग. जर्मनांनी पकडलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची घड्याळे अनेकदा काढून घेतली जात. जिनिव्हात बसलेल्या विल्सडॉर्फ यांनी कैद्यांना कळविले, की हवे ते घड्याळ मागवा, पैसे युद्ध संपल्यावर द्या. रेडक्रॉसमार्फत घड्याळे छावण्यांत पोहोचू लागली. १९४३ मध्ये श्टालाग लुफ्त ३ या छावणीतून क्लाइव्ह नटिंग नावाच्या कॉर्पोरलने महागडे क्रोनोग्राफ घड्याळ मागविले. हा मनुष्य छावणीत जोडे शिवण्याचे काम करीत असे. घड्याळ आले, बिल युद्धानंतर. कैदी जगेल की नाही, कोण जिंकेल, पैसे येतील की नाही, यांपैकी काहीच ठाऊक नसताना दिलेली ही उधारी होती. तिच्यात व्यापारी धोरण असेलही. पण आपल्याकडे आडतीवर उचल घेताना शेतकऱ्याला काय काय लिहून द्यावे लागते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या उधारीचे मोल सांगावे लागत नाही.

१९४४ मध्ये त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. १९४५ मध्ये विल्सडॉर्फ यांनी आपल्या नावाने एक न्यास स्थापन केला आणि कंपनीतील आपली सारी मालकी त्याला देऊन टाकली. ६ जुलै १९६० रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. आजही रोलेक्सची मालकी या न्यासाकडेच आहे आणि त्याचा पैसा शिक्षण, कला व समाजकार्य यांकडे वळतो. जिनिव्हात २०१२ मध्ये झालेल्या एका पुलाला त्यांचे नाव आहे. २०२२ च्या डिसेंबरात कंपनीने आणखी एक पाऊल उचलले. वापरलेली रोलेक्स घड्याळे तपासून, खरेपणाचे प्रमाणपत्र व दोन वर्षांची हमी देऊन अधिकृत दुकानांतून विकण्यास सुरुवात केली. जुन्या वस्तूच्या बाजारातही खरी टंचाई विश्वासाचीच असते, हे यावरून दिसते.

आता आपल्याकडील जुन्या घड्याळांविषयी चार शब्द सांगतो. फाव्र-ल्युबा, ज्याला आपली जुनी माणसे फेवरलुबा म्हणतात, ही स्विस पेढी १८६५ पासून भारतात व्यापार करीत होती. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच. एम. टी. चा कारखाना सुरू झाला. लग्नात जावयाला घड्याळ देण्याची पद्धत होती आणि ते बहुधा या दोहोंपैकी एक असे. २०१६ मध्ये सरकारने एच. एम. टी. चा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. आज ही जुनी घड्याळे काही हजारांत मिळतात. त्यांत एक मेख असते. एका घड्याळाचे मशीन, दुसऱ्याची केस आणि नव्याने रंगविलेली चकचकीत डायल, असा जुळविलेला माल पुष्कळ असतो. जाणकार त्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. म्हणून भिंगातून अक्षरे पाहावी. जुनी छपाई रेखीव असते, नवी अक्षरे फुगीर व वाकडी दिसतात. साठ वर्षांचे घड्याळ आणि कालची डायल असे दिसले तर जपून राहावे. झाकण उघडून मशीनवरचे नाव आणि डायलवरचे नाव जुळते का, ते पाहावे. गंज, पाण्याचे डाग पाहावे. शेवटची सर्व्हिसिंग केव्हा झाली ते विचारावे आणि ती करून घेण्याचा खर्च किमतीतच धरावा.

मी लातूरला एका घड्याळजीकडे एक जुने फाव्र-ल्युबा पाहिले. किंमत ३,२०० रुपये ठरली. कमवा व शिका योजनेतून साठविलेले माझे तेवढेच पैसे होते. वडील शेतमजुरी करतात. ही रक्कम म्हणजे त्यांची आठ-दहा दिवसांची मजुरी. मी पूर्ण रक्कम अनामत ठेवून दहा दिवसांसाठी घड्याळ मागितले आणि त्या भल्या माणसाने ते दिले. मग क्यू वेधशाळेची परीक्षा मी मुरुडला घेतली. डायल वर, डायल खाली, चावी वर, चावी खाली, चावी डावीकडे, अशा पाच स्थितींत दोन दोन दिवस घड्याळ ठेवले आणि रोज रात्री नऊ वाजता मोबाइलच्या वेळेशी ताडून वहीत फरक लिहिला. डायल वर असता ते दिवसाला २५ सेकंद पुढे जाई, चावी खाली असता ४० सेकंद मागे पडे. साठीला आलेल्या घड्याळाला हे गुण वाईट नव्हेत. घड्याळजीने वही पाहिली आणि आपणहून ते पुन्हा जुळवून दिले.

वडिलांना मी मागचे झाकण उघडून आतले चाक दाखविले. ते बराच वेळ पाहत राहिले. नंतर त्यांनी एवढेच विचारले, की ज्याने हे विकले त्याला कसली अडचण आली असेल. दुष्काळात घरातली एकेक वस्तू विकली गेलेली पाहिलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. किमतीची, डायलची, मशीनची चौकशी मी केली होती; हा प्रश्न मला कोणत्याही पुस्तकात आढळला नव्हता. वापरलेली वस्तू घेणाऱ्याने वाजवी दाम द्यावे आणि कुणाच्या नडीचा फायदा घेऊ नये, ही शिकवण मला त्या प्रश्नातून मिळाली. घासाघीस करून आणखी दोनशे रुपये कमी केले असते तर बरे झाले असते, असे मला आता वाटत नाही.

वाचक मित्रहो, विल्सडॉर्फ यांच्या चरित्रातून घड्याळ वजा केले तरी काही उरते. ते काही मोठे संशोधक नव्हते. एका अनाथ मुलाने भाषा शिकून कारकुनी मिळविली, कंटाळवाणे काम मन लावून केले, आणि आपण चांगले आहोत असे सांगत बसण्यापेक्षा तिऱ्हाइताच्या परीक्षेला बसणे पसंत केले. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ जण आहेत, ज्यांच्या घरातून प्रथमच कुणी या पायऱ्या चढले आहे. आमच्या गल्लीत माझ्याबरोबर पहिलीत बसलेल्या मुलांपैकी आज इथे मी एकटाच आहे. त्या सहा घड्याळांच्या पेटीत सुरुवातीला नाव एकावरच होते. बाकीची पाच मशीनही त्याच कारखान्यातली, तितकीच चांगली होती. त्यांच्यावर नाव यायला वीस वर्षे लागली. पण ते आले, कारण पहिल्याने आपली वेळ चुकविली नाही.